हिवाळी हवाईयन म्युझिक कॅम्प : यंदा कोण कोण येतंय? तयारीचा धागा

स्वरमेघा :
मंडळी, झालं एकदाचं! फेब्रुवारीच्या कॅम्पचं बुकिंग कन्फर्म झालं आणि मी ऑफिसात बसल्या बसल्या सगळ्यांना मेसेज टाकत सुटले. बिग आयलंडवर, म्हणजे हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर, वायमेआजवळ, आठवडाभर. सकाळी लेव्हलप्रमाणे क्लासेस (स्लॅक की गिटार, युकुलेले म्हणजे चार तारांची छोटी गिटार, आणि तारांवर धातूचा बार फिरवून वाजवायची स्टील गिटार), दुपारी हुला नाच, ओली म्हणजे पठण, टी नावाच्या झाडाच्या पानांची लेई म्हणजे हार करणं, लाउहालाचं म्हणजे केवड्याच्या जातीच्या पानांचं विणकाम, ज्याला जे हवं ते, आणि रात्री जेवणं झाली की कानिकापिला. म्हणजे सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि वाजवायचं, ज्याला जे येतं ते. शेवटच्या रात्री होइके, त्यात प्रत्येक वर्ग आठवडाभरात शिकलेलं सगळ्यांसमोर सादर करतो.

इथे सिअॅटलला सध्या साडेचारला दिवे लावावे लागतायत, पाऊस थांबायचं नाव नाही, आणि अशात रोज रात्री गिटार घेऊन बसलं की फेब्रुवारी जवळ आल्यासारखा वाटतो. वर्षभर आम्ही मैत्रिणी फोनवरच भेटतो. तिथे आठवडाभर एकत्र राहायचं, एकत्र वाजवायचं, ह्याची मी दिवाळीपासून वाट बघतेय.

वायमेआच का, असं घरच्यांनी विचारलं म्हणून सांगते. कॅप्टन व्हँकुव्हरने १७९३ मध्ये राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली, त्यांना मारायला बंदी घातली गेली, मग ती इतकी माजली की शेतं तुडवायला लागली. १८३० च्या दशकात तिसऱ्या कामेहामेहाने कॅलिफोर्नियाकडून मेक्सिकन गुराखी बोलावले गुरं आवरायला शिकवायला. त्यांनी येताना गिटारी आणल्या. ते परत गेले, गिटारी राहिल्या, आणि हवाईच्या लोकांनी तारा आपल्या गळ्याला जुळतील अशा सैल करून घेतल्या. तीच स्लॅक की, तिकडच्या भाषेत की होआलू. वायमेआ हा अजूनही गुराख्यांचा, म्हणजे पानिओलोंचा गाव आहे, १८४७ सालापासूनचं पार्कर रँच तिथेच आहे. जिथे हे वाद्य रुजलं त्या मातीत बसून शिकायचं, मला ह्याचंच जास्त अप्रूप आहे.

तर कोण येतंय, काय वाजवणार, आणि आपण आधी एकत्र काय काय बसवायचं ते इथे ठरवू.

तुषार_बे :
मी आणि वैदेही फिक्स! यंदा मी स्टील गिटारच्या वर्गात नाव घातलंय. छोटं लॅप स्टील घेतलं, सी सिक्स्थ ट्यूनिंग लावलंय (खालून वर सी, ई, जी, ए, सी, ई), आणि रोज नुसता बार सरळ ठेवायचा सराव चाललाय. बार पडद्याच्या बरोब्बर वर हवा, साध्या गिटारवर आपण बोट पडद्याच्या मागे ठेवतो ना, ते इथे चालतच नाही, स्वर लगेच खाली जातो. पण एक सांगू, लहानपणी घरात गाणं ऐकलेलं असेल तर ह्या वाद्यावर मजा येते कारण सगळं मींडेवर आहे, कानच सांगतो कुठे थांबायचं ते.

गौरी१९ :
वा मेघाताई किती छान! मी अजून अगदीच नवीन आहे, युकुलेलेवर चार कॉर्ड येतात फक्त. नवशिक्यांनी आलं तर चालतं का? आणि तिथे सगळे एक्सपर्ट असतील तर कानिकापिलाला मी काय करणार बसून?

स्वरमेघा :
गौरी तू ये गं. नवशिक्यांचा वर्ग वेगळा असतो आणि तिथले गुरुजन खरंच फार मायेने शिकवतात. चार कॉर्ड म्हणजे जी, सी, डी सेव्हन आणि एफ येत असतील ना, मग निम्मी गाणी येतात तुला. त्यात फक्त ए सेव्हन घाल. हवाईयन गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये जी छोटी लकेर येते (त्याला व्हॅम्प म्हणतात) ती जी मध्ये असेल तर ए सेव्हन, डी सेव्हन, जी अशी जाते. ही तीन कॉर्डं न थांबता, एका लयीत, डोळे मिटून यायला हवीत. एवढं केलंस की गोलात कुणीही कुठलंही गाणं जी मध्ये सुरू करू दे, व्हॅम्प आला की तू आत आहेसच.

आणि शेवट कसा ओळखायचा ते सांगते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. बहुतेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्याची सुरुवात 'हाइना' ह्या शब्दाने होते. आपल्याकडे अभंगात 'तुका म्हणे' आलं की आता शेवट आला हे कळतं ना, अगदी तसंच. हाइना ऐकलं की सगळे सरसावून बसतात, ते कडवं बहुतेक वेळा दोनदा म्हणतात, मग व्हॅम्प आणि संपलं.

नंदूकाका_नाशिक :
मेघा, तुझा धागा वाचला आणि कपाटावरची गिटार खाली काढली. आमच्या तरुणपणी गावोगावच्या वाद्यवृंदांत हवाईयन गिटार असायचीच. मांडीवर आडवी, नट उंच केलेला, डाव्या हातात लोखंडी बार, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. सिनेमातली गाणी आम्ही त्यावर शब्दांशिवाय वाजवायचो आणि लोक शब्द ओळखून गुणगुणायचे. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली ह्यांच्या तबकड्या लावून लावून झिजवल्या. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी ह्याच वाद्यावर राग वाजवले, तेव्हा आमचे बुवासुद्धा गप्प बसून ऐकत होते. काब्रा म्हणजे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. ते वाद्य ज्या बेटांवरून आलं तिथे तुम्ही मुलं चाललात, मला फार आनंद झाला.

एक विचारतो, हे वाद्य तिथून इथे आलं कसं, ह्याबद्दल तिथे काही सांगतात का?

तुषार_बे :
काका नमस्कार! तुमच्यासारख्यांनी लिहावं म्हणून तर हे धागे असतात.

मला वाचून जे माहीत आहे ते सांगतो. जोसेफ केकुकू नावाचा मुलगा, ओआहू बेटावरच्या लाइए गावचा, जन्म १८७४ चा. शाळेत असताना तारांवर धातूची वस्तू घासून त्याला हा आवाज सापडला, कुणी रुळावरचा बोल्ट म्हणतं, कुणी कंगवा, कुणी सुरी, पण मग शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याने नीट पोलादी बार करून घेतला. १९०४ मध्ये तो हवाई सोडून निघाला आणि अमेरिका, युरोप फिरून वाजवत राहिला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर तर अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेडच पसरलं.

आणि भारतात म्हणाल तर ताउ मो! जन्म सामोआतला, वाढले ह्याच लाइएमध्ये, आणि बायकोमुलांना घेऊन जगभर कार्यक्रम करत फिरले. १९४० च्या दशकात बरीच वर्षं ते कलकत्त्यात राहिले, तिथे वाजवलं, शिकवलं. बंगालमध्ये हवाईयन गिटार जी घराघरात गेली त्यात त्यांचा मोठा वाटा. म्हणजे काका, तुमच्या त्या तबकड्यांची एक वाट थेट लाइएपर्यंत जाते.

नंदूकाका_नाशिक :
हे मला ठाऊक नव्हतं रे. किती बरं वाटलं वाचून. ताउ मो, नाव लिहून ठेवलं.

सायली_हिलो :
अरे वा, आमच्या बेटावर येताय! मी हिलोला राहते, वायमेआ इथून गाडीने साधारण सव्वा-दीड तास. काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवते कारण दर हिवाळ्यात पाहुणे नुसते हाफ पँट आणि बनियन घेऊन येतात आणि कुडकुडतात. वायमेआ समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर आहे. रात्री चांगलाच गारठा, वारा, आणि बारीक पण अंगाला झोंबणारा पाऊस. त्या पावसाला स्वतःचं नाव आहे, कीपूउपूउ. आमच्या हिलोच्या पावसाला कानिलेहुआ. इथे प्रत्येक गावच्या पावसाला, वाऱ्याला नाव असतं आणि ती नावं गाण्यांत येतात, गाण्यात नुसतं पावसाचं नाव आलं तरी ऐकणाऱ्याला कळतं कुठल्या गावाची गोष्ट चाललीय. त्यामुळे स्वेटर आणि रेनकोट दोन्ही आणा, आणि पाऊस आला तर वैतागू नका, तुम्ही जी गाणी शिकणार त्यातलाच तो पाऊस आहे.

हवा स्वच्छ असली तर सकाळी माउना केआ पर्वतावर बर्फ दिसेल. आणि एखादी दुपार मोकळी मिळाली तर खाली कावाइहाएच्या किनाऱ्यावर जा. अलास्काहून हंपबॅक व्हेल हिवाळ्यात इकडे येतात, फेब्रुवारीत तर किनाऱ्यावरून दिसतात, दुर्बीण असेल तर आणा.

सनस्क्रीन घेताना लेबल बघा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर इथे १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, प्रवाळांना त्रास होतो म्हणून. आणि येताना ताजी फळं, पानं, बिया असं काही आणत असाल तर शेतीखात्याचा जो फॉर्म असतो त्यात लिहावं लागतं. कढीपत्त्याची जुडी बॅगेत टाकून येऊ नका. परत जातानाही विमानतळावर सामान तपासतात.

मैत्रेयी_डॅलस :
मी यंदा पहिल्यांदाच येतेय, मेघाची कॉलेजची मैत्रीण. मी पूर्ण शाकाहारी, आठवडाभर काय खाणार ह्याची आईला काळजी.

सायली_हिलो :
मैत्रेयी, आईला सांग अळू आहे! इथे त्याला कालो म्हणतात आणि तो नुसती भाजी नाही, हवाईयन लोकांच्या कथेत हालोआ म्हणजे कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे, त्यामुळे त्याच्यासमोर भांडणतंटा करत नाहीत. कंद वाफवून, कुटून, पाणी घालून पोई करतात. पानं नारळाच्या दुधात शिजवतात. आपल्यासारखंच, कच्चं राहिलं तर घसा खाजतो म्हणून खूप वेळ शिजवायचं. फक्त लाउलाउ असं नाव दिसलं तर आधी विचार, पानांच्या आत बहुधा पोर्क असतं, आणि पानांच्या भाजीतही कधी चिकन किंवा माकूल घालतात. कॅम्पवाल्यांना आधी कळवलं की वेगळं काढून ठेवतात.

स्वरमेघा :
सायली, काय सुरेख लिहिलंस. आणि गंमत बघा, स्लॅक कीचं सगळ्यात जास्त वापरात असलेलं ट्यूनिंग आहे त्याचं नाव टॅरो पॅच, म्हणजे अळूचं खाचर!

गिटारवाल्यांनी हे आत्ताच लावून बसायला लागा. नेहमीच्या गिटारच्या तीनच तारा हलवायच्या. सहावी जाड तार ई वरून डी ला सैल करायची, पाचवी ए वरून जी ला, आणि पहिली बारीक ई वरून डी ला. मधल्या तीन तशाच. ट्यूनर नसला तरी जमतं, सहावी चौथीशी जुळवायची (एक सप्तक खाली), पाचवी तिसरीशी, पहिली पुन्हा चौथीशी (एक सप्तक वर). आता डाव्या हाताने काहीही न धरता सगळ्या तारा छेडा, जी मेजर वाजतो. जी ला सा धरलात तर खालून वर प सा प सा ग प. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी किती तरी वेळ नुसत्या मोकळ्या ताराच छेडत बसले होते, तानपुऱ्यासमोर बसल्यासारखं वाटतं आणि काही वाजवावंसंच वाटत नाही. मग अंगठ्याने खालच्या तारांवर एक आड एक ठेका धरायचा आणि बोटांनी वर गाणं. अंगठा थांबता कामा नये, हे एक पथ्य. चाल चुकली तरी चालेल, अंगठा चालू राहिला पाहिजे.

ही ट्यूनिंग्ज एके काळी घराघरांत झाकून ठेवायचे. पाहुणा आला की तारा सैल करून ठेवायच्या, त्याला कळू नये म्हणून. गॅबी पाहिनुईंनी १९४६ मध्ये स्लॅक कीचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं, लेनर्ड क्वान, सनी चिलिंगवर्थ, रे काने अशी मंडळी वाजवत राहिली, आणि पुढच्या पिढीत केओला बीमरसारख्यांनी ते उघडपणे शिकवायला घेतलं. ते उघड झालं म्हणून आज आपल्यासारखे परके लोक जाऊन शिकू शकतात. मला ह्या गोष्टीची फार किंमत वाटते.

रोहन_के :
सगळं मस्त आहे पण एक प्रामाणिक प्रश्न. चाली तर यूट्यूबवर आहेत, टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेले कागद) मिळतात, आठवड्याचा खर्च आणि विमानभाडं करून जायची काय गरज? आणि शब्द कुठे कळतात आपल्याला, मी तर नुसतं इन्स्ट्रुमेंटल वाजवतो.

स्वरमेघा :
रोहन, विचारलंस ते बरं केलंस, कारण मला ह्याच विषयावर लिहायचं होतं.

ही गाणी हॉटेलच्या जेवणाबरोबरची करमणूक म्हणून जगभर गेली आणि आपण सगळे ती तशीच ऐकतो. पण त्यांच्या मागे काय आहे बघ. हवाईची राणी लिलिउओकलानी स्वतः संगीतकार होती, 'अलोहा ओए' तिने १८७८ मध्ये लिहिलं. १७ जानेवारी १८९३ ला तिचं राज्य उलथवलं, १८९५ मध्ये तिला तिच्याच इओलानी राजवाड्यातल्या खोलीत कैदेत ठेवलं, आणि त्या खोलीत बसून ती गाणी लिहीत राहिली. १८९६ मध्ये कायदा झाला की शाळा इंग्रजीतच चालायच्या. मुलांच्या तोंडून भाषा गेली, दोन-तीन पिढ्यांत बोलणारे उरले थोडे. तेव्हा भाषा टिकली ती म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात, पठणात आणि गाण्यांत. १९७० च्या दशकात लोक पुन्हा उठले, १९७८ मध्ये हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली, पोरं पुन्हा शिकायला लागली तेव्हा ही गाणीच हाताशी होती. मग त्यातले शब्द काढून नुसती चाल वाजवायची, तर जे जपायला त्यांनी एवढं सोसलं तेच आपण सोडून येतो.

आणि शब्द इतकेही अवघड नाहीत रे. पाच स्वर, आठ व्यंजनं, बस्स. स्वर आपल्यासारखेच स्वच्छ, आ ए ई ओ ऊ, मराठी माणसाच्या तोंडात दोन दिवसांत बसतात. फक्त मध्ये मध्ये जो थांबा येतो, ओकिना, तो गिळायचा नाही, तो पण एक व्यंजन आहे. अर्थाच्या खाली आणखी एक अर्थ दडलेला असतो, त्याला काओना म्हणतात. फुलावर लिहिलंय म्हणून वाचावं तर ते माणसावर असतं. हे टॅबमध्ये नसतं. समोर बसलेले गुरुजी गाणं शिकवायच्या आधी ते कुणाचं, कुणासाठी, कुठल्या गावचं हे सांगतात, आणि मग त्याच चालीवर हात वेगळा पडतो.

वर्गात जायच्या आधी दाराबाहेर उभं राहून पठण करून आत यायची परवानगी मागायची, आतून उत्तर आलं की मगच पाऊल टाकायचं. आपण गुरुजींच्या पाया पडून बसणारी माणसं, आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून म्हणते, ये.

रोहन_के :
वाचलं. दोनदा वाचलं. अजून जागा आहेत का?

वैदेही_बे :
रोहन, वेटलिस्टवर नाव टाक लगेच, दरवर्षी कुणी ना कुणी गळतं.

वाद्यं नेण्याबद्दल मी लिहिते कारण कुणी लिहिलं नाहीये. सिअॅटल, डॅलस, शिकागो, जिथे जिथे हिवाळ्यात हीटर चालतो तिथे घरातली हवा फार कोरडी होते. आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली गेली की लाकूड आक्रसतं आणि कोआ (हवाईचं लाकूड) किंवा कुठल्याही सॉलिड लाकडाच्या वाद्याला चीर जाऊ शकते. आतापासून केसमध्ये ह्युमिडिफायर ठेवा, वाद्य भिंतीवर टांगून ठेवू नका. तिकडे पोचल्यावर उलट दमट हवा, त्यामुळे पहिल्या दिवशी सूर सारखे हलतील, घाबरू नका, जुळवत राहा. युकुलेले केबिनमध्येच न्या. गिटारचं एअरलाइनला आधी विचारा आणि हार्ड केस असू द्या.

युकुलेलेवाल्यांनो, तिकडे बहुतेक सगळे जी, सी, ई, ए लावतात आणि जी ची तार वरच्या सुरातली, सी पेक्षा वर. कुणी लो-जी लावली असेल तरी चालतं पण नवशिक्यांनी हाय-जी ठेवा, वर्गात एकसारखा आवाज येतो. ह्या वाद्याचं मूळ मडेरा बेटावरच्या पोर्तुगीज लोकांबरोबर आलं, रेव्हन्सक्रॅग जहाजातून, ऑगस्ट १८७९. त्यातले तीन सुतार, नुनेश, दियाश आणि एस्पिरितो सांतो, ह्यांनी होनोलुलूत दुकानं काढली, आणि राजा कालाकाउआला त्याचा एवढा लळा लागला की राजवाड्यात हुलाच्या साथीला ते वाजायला लागलं.

नंदूकाका_नाशिक :
हाच तो राजा ना, जो जगाची सफर करताना १८८१ मध्ये आपल्या मुंबईला येऊन गेला?

वैदेही_बे :
हो काका, तोच! कलकत्त्याला उतरून रेल्वेने मुंबईला आला होता. तुम्हाला कसं माहीत?

नंदूकाका_नाशिक :
नातवाच्या पुस्तकात वाचलं होतं. वाद्याशी त्याचा संबंध आहे हे आत्ता तुझ्याकडून कळलं.

गौरी१९ :
मी नाव नोंदवलं!! नवशिक्यांचा युकुलेले वर्ग आणि दुपारी हुला. जी, ए सेव्हन, डी सेव्हन रोज चाललंय, शेजारीण विचारायला आली काय वाजवतेस म्हणून.

स्वरमेघा :
गौरी!!! फारच आनंद झाला. आता ऐका सगळे, दर शनिवारी ऑनलाइन सराव करू या का? सिअॅटल, सॅन होजेला संध्याकाळी सात, डॅलसला नऊ, हिलोला पाच. ह्या शनिवारी एकच साधं गाणं जी मध्ये, आधी शब्द वाचून, अर्थ बघून, सायली उच्चार दुरुस्त करेल, मग वाजवायचं. काका, तुम्हाला नाशिकला रविवार सकाळी साडेआठ पडतील, तुम्ही स्टील घेऊन बसाल का आमच्याबरोबर? तुषारला बार कसा धरायचा ते तुम्हीच दाखवा.

नंदूकाका_नाशिक :
बसतो की. नवीन तारा आजच आणायला सांगतो, जुन्या गंजल्यात. रविवारी साडेआठला चहा उरकून तयार असेन. ते सी सिक्स्थ काय म्हणालास तुषार, ते सविस्तर लिहून पाठव, आम्ही वेगळं लावायचो.

तुषार_बे :
आज रात्रीच पाठवतो काका, प्रत्येक तारेचा स्वर आणि जाडी लिहून. तुम्ही तुमचं लावायचात ते पण मला सांगा, मला ते शिकायचंय.

सायली_हिलो :
शनिवारी पाचला मी आहे. गाणं कुठलं ते शुक्रवारपर्यंत कळवा म्हणजे मी इथल्या आमच्या शेजारच्या आजींकडून त्यातल्या गावांची नावं नीट विचारून ठेवते.